मापाच्या वेळी तोंड बंद

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या गल्लीतल्या बायका मला ओळखून आहेत. ब्लाउज कधी मिळेल, असं दोनदा विचारलं की मी गळ्यातला टेप काढून टेबलावर आपटते. तिसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती होत नाही. पण माप घेताना माझ्या तोंडून चकार शब्द निघत नाही. ती आईची शिकवण.

आमचं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत वडील शर्ट-पँट कापायचे, मागच्या खोलीत आई बायकांचं शिवायची. मधे एक पडदा, तोही उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून केलेला. म्हैसुरात आमची ही कितवी पिढी ते मला नीट सांगता येत नाही. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या बायका ब्लाउज शिवायला येतात आणि हसून म्हणतात, "तुमचं मराठी किती गोड आहे हो!" गोड म्हणजे चुकीचं, हे मला कळतं. मी हुकाचे चार रुपये जास्त लावते.

आईचा नियम एकच होता. बाई पडद्याआड आली, पदर खाली केला, की तिच्या अंगाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. वाळलीस, सुटलीस, पोटुशी आहेस का, हा कसला डाग, काही नाही. टेपला दिसतं ते टेपला दिसू दे, तोंडाला दिसायचं नाही, असं ती म्हणायची. आई फक्त आकडा सांगायची, आणि मी नाहीतर अक्का तो वहीत लिहायचो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. बायका आमच्या दुकानात यायच्या त्या याचसाठी. आईच्या हातात सफाई होतीच, पण आईच्या तोंडाला कुलूप होतं, हे त्यांना जास्त मोलाचं.

अक्काचं अक्षर मोत्यासारखं, माझं कोंबडीच्या पायासारखं. आई आकडा सांगायची, अक्का लिहायची, आणि मी वहीच्या कडेला त्या बाईचं चित्र काढायची. एकदा आमच्या शाळेच्या बाईंचंच माप चाललं होतं आणि मी त्यांची शेंडीसारखी वेणी काढली. अक्काला हसू आवरेना. पडद्याआडून आईचा धपाटा आला तो माझ्याऐवजी तिला बसला. ती तशीच हसत राहिली. आजही ती वही उघडली की ती शेंडी तिथे आहे.

गल्लीतली कुठली पोर कधी मोठी झाली, हे आमच्या घराला सगळ्यांच्या आधी कळायचं. आधी झबलं, मग फ्रॉक. मग आतून घालायची शमीज. मग एका वर्षी आई आकडा सांगताना जरा थांबायची आणि म्हणायची, "आता टक्स घाल." टक्स म्हणजे छातीला जागा देणारी चुण. छातीवर पहिल्यांदा टक्स आला की वर्ष-सहा महिन्यांत ती पोर मोठी व्हायची. मग तिच्यासाठी जरीची लंगा-दावणी, म्हणजे परकर-ओढणी, शिवायला यायची. इकडे मुलीला पहिली पाळी आली की तिला पाटावर बसवून आरती करतात, बांगड्या भरतात, आणि तीळ-गूळ कुटून केलेले लाडू खायला घालतात. त्याला चिगळी म्हणतात. आमच्या आजी-पणजीच्या रीतीत हे होतं की नाही कोण जाणे, पण इथे राहून ते आमचंच झालं. माझ्या वेळी चिगळी अक्काने कुटली होती. खलबत्त्यात तीळ कुटता कुटता ती मला म्हणाली, "आता तू पण आमच्यात आलीस. साकु तुझं लहानपण." साकु म्हणजे पुरे. मला इतका राग आला की मी पाचच्या पाच लाडू एकटीने खाल्ले, तिला एक दिला नाही.

पुढे अक्का बन्नूरला दिली. भावजींचं तिथल्या बाजारात कापडाचं छोटं दुकान. गिऱ्हाईक सगळं ऊस-भातवाल्यांचं. म्हणून अक्का माहेरी यायची ती हातात गुळाची ढेप घेऊनच. दर वर्षी गौरीच्या सणाआधी आठ दिवस ती बन्नूरच्या बसने उतरायची. सरळ मागच्या खोलीत यायची, पिशवी आपटायची, आणि हात पसरून उभी राहायची, "घे माप." तोवर आई गेली होती, मशीनवर मी बसत होते, पुढच्या खोलीत वडिलांच्या जागी माझा नवरा. मी म्हणायची, "अगं, पाणी तरी पी." ती म्हणायची, "आधी माप. मग पाणी. मग भांडण." आणि भांडण व्हायचंच. कधी बाहीवरून, कधी गळ्यावरून. तिला पाठीचा गळा खोल हवा असायचा आणि मी म्हणायची, वय काय आपलं. संध्याकाळी देवराज मार्केटात जाऊन ती हार, केळी, हिरव्या बांगड्या घेऊन यायची आणि परतीच्या बसला चढताना खिडकीतून ओरडायची, "गळा खोल शिवलास तरच ये ब्लाउज द्यायला!"

देवा, ती बस अजून दिसली तरी मी थांबते. उतरणाऱ्या बायकांच्या पिशव्यांकडे बघते.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठी त्या एका वर्षाचं सांगितल्याशिवाय चालत नाही. अक्का बावन्न वर्षांची होती. पाळी जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. गौरीआधी आली, हात पसरून उभी राहिली. मी छातीचं माप घेत होते आणि ती हळूच म्हणाली, "अगं, परत सुरू झालंय बघ. मधेच येतं, मधेच जातं."

आणि मी काय केलं? मी हसले. म्हटलं, "परत तरुण झालीस की गं! थांब, तुझ्यासाठी चिगळी कुटते. गूळ तूच आणलायस."

ती पण हसली. म्हणाली, "कुट, कुट. आणि लंगा-दावणी पण शीव." आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढच्या खोलीतून माझ्या नवऱ्याने विचारलं काय झालं म्हणून. मग मी कमरेचं माप घेतलं. विषय संपला. चिगळी काही मी कुटली नाही, थट्टाच होती ती.

पुढच्या वर्षी गौरीआधी ती आली तेव्हा छातीत दोन इंच कमी भरली, कमरेत तीन. मी आकडा लिहिला. टेपला दिसलं. तिच्या परकराच्या आत जाड घडी होती, तीही माझ्या हाताला लागली. मी काही बोलले नाही. गेल्या वर्षीचे ब्लाउज ती आत घेऊन मागत होती, मी मुकाट्याने उसवून आत घेतले. बाईच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, असं मनात होतं म्हणून गप्प बसले, की घाबरून बसले, हे आजही मला सांगता येत नाही. अक्का ही गिऱ्हाईक नव्हती. एवढं मात्र मला तेव्हा सुचलं नाही.

दोन महिन्यांनी कळलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. फार पुढे गेलेला. पुढची गौर तिने बघितली नाही. डॉक्टरांनी भावजींना विचारलं होतं, पाळी गेल्यावर रक्त दिसलं तेव्हा लगेच का नाही आणलंत? भावजींना ठाऊकच नव्हतं. अक्काने ते एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि त्या माणसाने हसण्यावारी नेलं.

हे मी चौदा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

अक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा बावीस वर्षांची होती. आता ती हिनकलला राहते, नवरा-बायको दोघं नोकरी करतात. तिची मुलगी, अक्काची नात, ही आमच्या घरातली सगळ्यात वात्रट पोर. मला मावशीअज्जी म्हणते आणि माझ्या खडूने फरशीवर कुंटेबिल्ले खेळायचे चौकोन आखते. माझे दोन मुलगे बंगळुरात, त्यांना अजून मुलं नाहीत. तेव्हा भाची माझीच मुलगी आणि पोर माझीच नात, असंच चालत आलंय. भाची कुठलंही मोठं काम मला विचारल्याशिवाय करत नाही. गेल्या वर्षीपर्यंत मला त्याचा मोठा अभिमान होता.

गेल्या वर्षी पोरीला नववं सरून दहावं लागलं होतं. एका रविवारी भाची आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "मावशी, हिला एचपीव्हीची लस द्यावी म्हणते. आईला झाला तो कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो ना, त्याची लस."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अगं, दात पडायचे राहिलेत अजून तिचे! एवढ्याशा पोरीला तसली लस? लोक काय म्हणतील? ते मोठेपणीचं काम. मोठी होऊ दे, लंगा-दावणी नेसू दे, लग्नाचं बघायला लागलो की देऊ."

"डॉक्टर म्हणाल्या, हेच वय चांगलं."

"डॉक्टरांचं काय जातंय? पोर आपली आहे."

ती मान खाली घालून कपाची कड बोटाने पुसत राहिली. तशी सवय अक्काचीच. मग म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर थांबू." आणि मी जिंकल्यासारखी उठून तिच्यासाठी अवरेकाळूची उसळ गरम करायला गेले.

माझ्या डोक्यात सगळं दुकानाच्या क्रमाने लागलेलं होतं. झबलं, फ्रॉक, शमीज, टक्स, लंगा. तसल्या अवयवांचं जे काही असेल ते लंग्याच्या नंतर. भाचीने स्वतः ती लस लग्नाआधी घेतली होती, तीन सुया, अक्का गेल्यावर वर्षभराने. तेव्हा मी तिला काही म्हटलं नव्हतं, कारण ती मोठी होती. माझ्या हिशोबात ते बरोबर बसत होतं.

आता यंदाच्या मे महिन्याचं सांगते. शाळा उघडायच्या आधी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. टेबलाखाली युनिफॉर्मचं निळं कापड, टेबलावर निळं कापड, माझ्या केसांतसुद्धा निळे दोरे. येलवालच्या बाजूची पोरंसुद्धा आमच्याकडेच शिवतात. त्या गर्दीत भाची पोरीला घेऊन आली. पोर टेबलावर चढून उभी राहिली, हात पसरून, डिट्टो तिच्या आज्जीसारखी. "घे माप, मावशीअज्जी. मग आइस्क्रीम. मग भांडण." हे शब्द हिला कुणी शिकवले? मीच शिकवले असणार, अक्काच्या गोष्टी सांगताना.

मी छातीवरून टेप फिरवला. आकडा वाचला. परत फिरवला. गेल्या जूनपेक्षा अडीच इंच जास्त.

टक्स घालायला हवा होता.

मी आकडा मोठ्याने सांगितला नाही. हातात टेपची दोन टोकं धरून मी तशीच उभी राहिले. म्हणजे वर्ष-सहा महिने. मी म्हणत होते, मोठी होऊ दे, मोठी होऊ दे, आणि ती इथे माझ्या टेपच्या आत मोठी होत होती. कुणाची वाट बघत होते मी? टेपला दिसलं, तोंड बंद. अक्काच्या वेळी पण असंच, हीच जागा, हेच टेबल. टेप माझ्या हातातून सुटून खाली पडला.

"काय झालं?" भाची म्हणाली.

"डॉक्टरांकडे कधी जायचं?" मी म्हटलं.

"कशाला? तब्येत बरी नाही का तुझी?"

"माझं मरू दे. हिच्या लसीला."

भाची माझ्याकडे बघतच राहिली. बाहेर चार बायका कापड घेऊन ताटकळत होत्या. मी पडदा ओढून घेतला आणि पोरीला आइस्क्रीमसाठी पैसे देऊन बाहेर पिटाळलं. मग भाचीला खाली बसवून तिच्या आईची ती थट्टा सांगितली. परत सुरू झालंय म्हणाली ती, आणि मी चिगळी कुटते म्हटलं, ते सगळं. मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि परत पायरी चढणार नाही. भाचीने मांडीवरच्या निळ्या कापडाची घडी घातली. मग म्हणाली, "आई घरी येऊन हसत हसत मला सांगत होती, मावशी मला लंगा शिवणार आहे म्हणून. का ते मी विचारलं नाही." आणि आम्ही दोघी त्या निळ्या कापडाच्या ढिगात बसून रडलो. बाहेरून एक बाई ओरडली, "अम्मा, माप घेताय की नाही?" मी आतूनच ओरडले, "नाही!"

बायकांच्या दुखण्यांच्या डॉक्टर बाई आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बसतात. कन्नडच बोलतात, पण मराठी बायकांचं ऐकून ऐकून कळतं त्यांना. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. म्हटलं, एवढ्या लहान पोरीला कशाला, ते आधी मला सांगा.

त्यांनी शांतपणे सांगितलं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. लस तो येण्याच्या आधी द्यायची असते, आलेला विषाणू लसीने जात नाही. म्हणून वाट बघायची नाही. नऊ वर्षांपासून देता येते, आणि नऊ ते चौदा हे सगळ्यात चांगलं वय, कारण या वयात अंग लस चांगली शिकून घेतं. पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत सुरू केली तर त्या दोन सुया देतात, सहा महिन्यांच्या अंतराने. त्यानंतर तीन लागतात. मोठेपणी घेतली तर फुकट जाते असं नाही, पण लवकर ती बरी. पाळी आली की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

"पाळीशी संबंध नाही?" मी दोनदा विचारलं.

"नाही अम्मा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझा अख्खा क्रमच त्यांनी उसवून टाकला. आम्ही युनिफॉर्म शाळा उघडायच्या आधी शिवतो, पोर वर्गात उघडी बसल्यावर नाही, एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या शिंपिणीला दुसऱ्याने सांगावी लागली.

मग डॉक्टर बाईंनी चष्मा वर केला. "आणि लस घेतली तरी पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच असते. तुम्ही कधी केलीत?"

भाची माझ्याकडे बघून हसायला लागली. मी म्हटलं, "मी हिच्यासाठी आलेय." पण त्यांनी मला काही सोडलं नाही. त्याच आठवड्यात तपासणी झाली, सगळं बरं निघालं. त्या टेबलावर पाय वर घेऊन पडले होते तेव्हा त्या डॉक्टर बाई मला एकेक गोष्ट विचारत होत्या. रक्त जातं का, दुखतं का, पांढरं जातं का. तोंड बंद न ठेवता. मला लाज वाटली नाही, बरं वाटलं. कुणीतरी विचारतंय.

पोरीने सुई घेताना डोळे घट्ट मिटले आणि माझा हात असा दाबला की माझी बांगडी वाकली. झाल्यावर म्हणाली, "एवढंच?" जिना उतरताना तिने विचारलं, "आज्जीला का नाही दिली ही?"

"ती लहान होती तेव्हा ही नव्हतीच गं."

"मग मी लकी."

"हो. तू लकी."

आता पुढचा तमाशा ऐका. दंड चोळत डॉक्टरांकडून बाहेर पडणारी दहा वर्षांची पोर आमच्या समोरच्या काकूंनी बघितली. काकू म्हणजे आमच्यातल्याच, विठ्ठल मंदिरातल्या भजनात माझ्या शेजारी बसून टाळ चुकवणाऱ्या. त्या डॉक्टरांकडे बायका कशाला जातात ते गल्लीला माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते तो काकू दारात, हातात ताट. ताटात नारळ, हिरव्या बांगड्या, खण, मोगऱ्याचा गजरा आणि चिगळीचे पाच लाडू.

"लपवलंस होय आमच्यापासून!" काकू लाडिकपणे म्हणाल्या. "मोठी झाली ना पोर? कुठाय ती? पाटावर कधी बसवताय?"

मला आधी हसू आलं. मग त्या लाडवांकडे लक्ष गेलं. चौदा वर्षांत मी चिगळी तोंडात घातली नव्हती. कुणाच्या पोरीच्या आरतीला दिली तरी पदरात बांधून आणायची आणि गाईला घालायची.

"काकू, ती मोठी झालेली नाही," मी म्हटलं. "तिला लस दिलीय. अक्का ज्याने गेली ना, त्याची."

अक्का आणि काकू एका शाळेतल्या. "त्याची लस असते?"

"असते. आणि मोठं व्हायच्या आधीच द्यायची असते."

काकूंनी ताट माझ्या टेबलावर ठेवलं, निळ्या कापडावर. खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता भाषण सुरू होणार, एवढ्याशा पोरीला वगैरे, माझंच भाषण मला ऐकावं लागणार. पण त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि हळू आवाजात विचारलं, "माझ्या नातीला बारावं लागलंय. उशीर तर नाही ना झाला गं?"

"नाही काकू. अजिबात नाही."

त्या उठून गेल्या त्या सरळ घरी गेल्या नाहीत, गल्लीच्या तोंडाकडे गेल्या. लाडू मी खाल्ले नाहीत. ताटात मूठभर साखर घालून ताट परत पाठवलं, बांगड्या मात्र ठेवून घेतल्या. पोर खरंच मोठी होईल तेव्हा लागतीलच.

तेव्हापासून मी आईचा नियम मोडलाय. आई, रागावू नकोस. शमीज शिवायला आई-मुलगी आल्या की मी आईला विचारते, लस दिलीस का गं हिला? काही जणी नाक मुरडतात. पुण्याची एक म्हणाली, हा तुमचा विषय आहे का? मी म्हटलं, टेप माझ्या हातात आहे तोवर आहे. मोठ्या बायकांना पडद्याआड घेतलं की कमरेच्या मापाआधी विचारते, पाळी गेल्यावर काही दिसत नाही ना? बन्नूरच्या बाजूची एक बाई परकराच्या नाडीशी चाळा करत म्हणाली, "दिसतं." मी टेप खाली ठेवला, दुकान नवऱ्यावर सोडलं आणि तिला हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेले. तिचा ब्लाउज आठ दिवस उशिरा मिळाला. तिने एकदाही विचारलं नाही कधी मिळेल म्हणून.

दुसरी सुई परवा झाली. सहा महिने पुरे झाले त्याच आठवड्यात. मीच दिवस मोजत होते, भाची नाही. पोर आता डोळे मिटत नाही, सुईकडे टक लावून बघते. मधल्या काळात युनिफॉर्मची शिवण मला एकदा सैल करावी लागली. आत मी दोन बोटं जास्तीच्या कापडाची माया सोडली होती, म्हणून भागलं.

आदल्या दिवशी मी बन्नूरच्या बसवाल्याकडून गुळाची ढेप मागवली. भावजींचं दुकान आता पुतण्या बघतो, त्याने पाठवली. खलबत्ता काढला, घासला. तीळ भाजले. हात दुखेपर्यंत कुटले. अक्का कुटायची तशी माझ्याने होत नाही, माझे लाडू जरा फुटतात.

डॉक्टरांकडून आम्ही तिघी दुकानात आलो. मी डबा पोरीपुढे ठेवला. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. काकूंच्या त्या ताटाची गोष्ट तिला भाचीने सांगितलेली होती.

"मावशीअज्जी, मी मोठी नाही झालेय अजून."

"माहीत आहे."

"मग ही कुणाची?"

भाची पडद्याजवळ उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"तुझ्या आज्जीची आहे," मी म्हटलं. "तिला कुटून देते म्हटलं होतं मी. द्यायची राहिली."

पोरीने एक लाडू उचलला, अर्धा तोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. "मग तू पण खा."

मी खाल्ला.